मलाबोला निघण्याआधी फ्रँकचा हिशोब

इक्वेटोरियल गिनीत तेलाच्या कामावर निघालेल्यांनी नागपुरातच डॉलरऐवजी युरो घ्यावेत. तिथल्या मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँकचा दर पक्का बांधलेला आहे: १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. पश्चिम आफ्रिकी फ्रँकची किंमत तीच, पण त्या नोटा मलाबोत चालत नाहीत, म्हणून नोट नीट बघूनच घ्या.

खरी अडचण पगार घरी पाठवताना येते. देशाला स्वतःची मध्यवर्ती बँक नाही. कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेतल्या एकाच बँकेत सहा देशांची परकीय चलनाची गंगाजळी आहे. २०१४ नंतर तेल स्वस्त झालं, गंगाजळी आटली आणि २०१८ मध्ये परकीय चलनाचे नियम कडक झाले. नोकरीचा करार आणि पगारपत्रकं जपून ठेवाच. फ्रँकही लागतील तेवढेच बदला. इकडे ते सहसा कोणी घेत नाही.