पाली ते नाणीज

आषाढात आमच्याकडे लावणी असते. शेत अर्धं टाकून कोण निघणार? म्हणून गावची पायी वारी कार्तिकीची. समुद्र पाठीशी ठेवून रत्नागिरी, हातखंबा, पाली करत आंबा घाट चढायचा, की मग देश लागतो.

गळ्यात माळ आली की मासळी सुटते. किनाऱ्यावरच्या घरात ही गोष्ट लहान नाही. पण दिंडीतली शिस्त मला कधी जड गेली नाही. काकड्याला कोणीतरी उठवतं, चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात, हरिपाठाला सगळेच उभे राहतात. वीणा खाली टेकत नाही, कारण घ्यायला दुसरे हात तयार असतात.

पालीच्या पुढे टाचेला मोठा फोड आला. चौपदरीकरणाची खडी, डंपरची धूळ, भर दुपारचं ऊन. मागून एक जण सारखा, "चला माउली, चला माउली!" विठ्ठलाचं नाव तोंडात होतं आणि त्या माणसाचा भयंकर राग येत होता.

रस्त्यालगतच्या खळ्यात एक आजी भात वाळवत होत्या. "बस गो बाय, पाय दाखव." त्यांनी कोमट पाण्याने पाय धुतला, सुई दिव्यावर धरली, फोडातून दोरा ओवला आणि टोकं तशीच ठेवली. "काढू नको हां. पाणी आपसूक जाईल." वर खोबरेल.

आजींची बोटं काळवंडलेली होती. काजूच्या फॅक्टरीत आयुष्य गेलेलं. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं. पगार हातात आला की आधी पोस्टात पैसे भरायचे, मग वाण्याकडे जायचं. एकही महिना सोडला नाही. त्यातूनच फिया भरल्या, मुलगी नर्स झाली, घरावर स्लॅब पडला.

मी विचारलं, "एखादा महिना चुकवला असता तर?"

"कोण इचारणार होतं?"

तेच तर! विचारणारं कोणी नसताना त्या पोस्टाची पायरी चढत राहिल्या. माझ्या लेखी यश म्हणजे हेच, आणि ते नशिबाने आलेलं नाही. पाया पडले तर आजींनी मलाच वाकून नमस्कार केला.

नाणीज, साखरपा कधी मागे पडले कळलं नाही. घाटात पाय ठणकत होता, दोरा फोडातच होता.

घरी आल्यापासून हरिपाठ रोज एकटीने म्हणते. टाळ नाही, चोपदार नाही. परवा अंगात ताप होता, तेव्हा अंथरुणात बसून म्हटला. आवाज फाटला, पण पुरा केला.