बांध नसलेले शिवार

भारतातून पाहुणे यायचे ठरले की एक प्रश्न हमखास येतो: इंग्लंडमध्ये चित्रासारखी इतकी खेडी असताना तुम्ही आम्हाला त्या लॅक्स्टनलाच का नेता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नॉटिंगहॅमहून गाडीने तासाभराच्या आत येणारे हे गाव फारसे देखणे नाही. घरे लाल विटांची आहेत आणि नॉर्मन काळातील किल्ल्याची आता केवळ मातीची टेकाडे उरली आहेत. मात्र शेतीची जी पद्धत मोकळ्या रानांना कुंपणे घालून ती वेगवेगळी वाटून देणाऱ्या कायद्यांनी जवळजवळ साऱ्या इंग्लंडमधून पुसून टाकली, ती इथे अजून चालू आहे. साउथ, वेस्ट आणि मिल अशी तीन मोठी रानं असून शेतकऱ्यांची जमीन त्यांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली आहे. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले पीक आणि तिसऱ्याला विश्रांती, असा तीन वर्षांचा फेरा असतो. विश्रांतीच्या रानात आता बहुधा गवत घेतात. पट्ट्यांमध्ये बांध नाही की कुंपण नाही, त्यामुळे आपल्याकडचा कोणीही पहिल्यांदा हेच विचारतो, की मग शेजारी रान कोरत नाही का?

कधीमधी कोरतो, म्हणून तर पंच नेमलेले आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच नव्या गव्हाच्या रानात फिरतात, नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा वाटेवर शिरला असेल तिथे खुंट ठोकून मूळ हद्द दाखवतात, डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये जेवतात आणि पुढच्या आठवड्यात ‘कोर्ट लीट’ या सरंजामी काळापासूनच्या न्यायसभेपुढे दंडाची प्रकरणे ठेवतात. 1977 मध्ये संसदेने अशा जुन्या सभांचे न्यायाधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला मात्र आवर्जून वगळले.

ही सामाईक शेती आहे, असे समजून कोणी हरखून गेले तर मला त्यांचा हिरमोड करावा लागतो. बहुतेक शेतकरी कुळे आहेत. जमीनदाराने 1952 मध्ये हे गाव शेती मंत्रालयाला विकले, 1981 मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे. तरीही मार्क पिअर्स या मोजणीदाराने 1635 साली काढलेला, आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेला नकाशा पाहिला, तर त्यातली नांगर धरलेली आणि कापणी करणारी चिमुकली माणसे याच रानांत राबताना दिसतात.

गेल्या खेपेस आलेले मामा एका खुंटापाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या दीड हात बांधाचा दावा कित्येक वर्षे न्यायालयात पडून आहे. दंड किती असतो, असे त्यांनी विचारले. थोडेसे पौंड, असे मी म्हणालो, तेव्हा तो खरोखर भरतात का, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. तुम्हीही यायचे ठरवलेत तर नोव्हेंबरच्या अखेरीस या आणि चिखलात चालतील असे बूट आणा.