कोबेत शिरागांचं चित्र बाजूने बघताना

क्योटोतले दिवस गर्दीत गेले. देवळं कमी आणि माणसांच्या पाठीच जास्त पाहिल्या. लिहावंसं वाटतंय ते कोबेतल्या एका चित्राबद्दल.

ओसाकाहून हानशिनची लोकल पकडली. वाटेत अमागासाकी लागतं. चित्रकार काझुओ शिरागा १९२४ साली इथल्या किमोनोच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मले. मग आशिया नावाचं गाव येतं, जिरो योशिहारांनी १९५४ मध्ये गुताई हा कलावंतांचा गट काढला ते. कोबेतल्या इवाया स्टेशनला उतरून समुद्राकडे चालत गेलं की वास्तुविशारद तादाओ आंदोंची काँक्रीटची इमारत दिसते. हेच ह्योगो प्रांताचं कलासंग्रहालय.

शिरागांबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट वाचायला मिळते: छताच्या दोराला लोंबकळून पायाने रंगवणारा चित्रकार. गोष्ट खरी आहे. पारंपरिक जपानी चित्रकला शिकलेल्या या तरुणाने तिशीत ब्रश बाजूला ठेवला. पण ती अशी सांगतात की जणू काही सर्कसच चालली होती, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. चित्रासमोर उभं राहिल्यावर नजर अडकते ती थरांत.

समोरून लाल आणि काळा एवढंच दिसलं. भिंतीच्या बाजूला सरकून तिरपं बघितलं तेव्हा रंगाचे जाडजूड कंगोरे दिसू लागले. कॅनव्हास जमिनीवर आडवा, त्यावर तैलरंगाचे ढीग, पहिला ओला असतानाच त्यावर दुसरा, आणि मग पाय. टाच दाबली तिथे तळाचा रंग उघडा पडतो, पाऊल वळलं तिथे रंग कडेला ढकलला जाऊन साचतो. खालचा रंग वरच्यात विरघळून जात नाही, रेघारेघांनी त्याच्यासोबत ओढला जातो. शेणाने सारवलेल्या अंगणात हाताचे अर्धगोल उमटतात ना, तसं त्या माणसाचं अख्खं वजन तिथे उमटलंय. जाड तैलरंग वरून आधी सुकतो आणि आत बराच काळ ओला राहतो. त्यामुळे त्याला सुरकुत्या पडतात, त्याही मी शोधत बसले.

आपले गायतोंडे आठवलेच. तेही थरांचेच चित्रकार, पण रोलर आणि पॅलेट नाइफने लावत, काढत, थांबत गेलेले. शिरागांकडे थांबायला वेळच नाही, सगळे थर एकाच ओल्या क्षणात. मला दोघेही हवेत.

आणि फुजिको शिरागा! नवऱ्याचे पाय रंगात असताना रंग हाताशी देणारी ती होती. स्वतः गुताईची सदस्य, पांढऱ्या कागदांतून विलक्षण काम करणारी. १९६१ मध्ये तिने गट सोडला. दोराच्या गोष्टीत तिचं नाव क्वचित येतं, हे मला अजिबात पटत नाही.

दालनातल्या बाई माझी धडपड बघत होत्या. त्या हसून बाजूला झाल्या आणि जिथून तिरपा उजेड पडतो तो कोपरा त्यांनी हाताने दाखवला. इतकं अगत्य मला साऱ्या प्रवासात दुसरीकडे मिळालं नाही.

जाणार असाल तर शिरागांचं चित्र सध्या भिंतीवर आहे का, ते आधी विचारून घ्या. तिथली मांडणी बदलत राहते.