लांब मानेचा पाहुणा

हर्णै बंदरात संध्याकाळचा लिलाव ऐन रंगात होता आणि काळ्या डोक्याच्या कुरवांच्या (सीगल पक्ष्यांच्या) थव्यात एक वेगळाच कुरव बसलेला दिसला. उतरतं कपाळ, लांबट चोच, मान ताणलेली. हिवाळ्यात बाकीच्यांच्या डोळ्यामागे असतो तो काळा ठिपका जवळपास नाहीच. डोळा फिकट. सडपातळ चोचीचा कुरव! जामनगरकडे तो सहज दिसतो, आपल्या कोकणात त्या मानाने कमी. माझे तर हातच थरथरत होते.

शेजारी कोळंबी निवडणाऱ्या मावशींनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "तो लांब मानेचा ना? अमावास्येपासून आलाय. बाकीच्यांसारखा भांडत नाय, कडेकडेनं खातो."

दुर्बीण नाही, पुस्तक नाही. तरी मान बघितलेली, सवय बघितलेली, आल्याची तिथीसुद्धा पक्की!

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद गेली ती माझ्या नावाने, आजच्या तारखेने. तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये. किनाऱ्यावर रोज उभं राहणाऱ्या या बायकांनी आजवर काय काय पाहिलं असेल, आणि त्यांना कुणी कधी विचारलं असेल का?

तुमच्या बंदरावर अशी कोणी मावशी आहे का?