तिरळेपणाचं ऑपरेशन, आणि भुलीच्या स्टडीवर केलेली सही

लेक पाच वर्षांची, उजवा डोळा नाकाकडे वळायचा. सासूबाईंचं एकच, तिरळं पोर नशीबवान असतं गं, राहू दे. चष्मा, पट्टी सगळं करून झालं आणि शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली, तर आदल्या दिवशी भुलीच्या पीजी करणाऱ्या मॅडम फॉर्म घेऊन हजर, आमच्या स्टडीत घेऊ का हिला? मी तडकलेच, माझी पोर काय उंदीर आहे?

नवऱ्याने शांत केलं. फॉर्म मराठीत होता म्हणे, पण 'यादृच्छिक' म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळेना, शेवटी मॅडमच हसून म्हणाल्या, अहो चिठ्ठ्या टाकायच्या. भूल सगळ्यांना सारखीच, मास्कमधून सेव्होफ्लुरेन गॅस. पण त्या गॅसनंतर जागं होताना बरीच मुलं किंचाळतात, लाथा झाडतात, आईलाही ओळखत नाहीत, ते कमी होतं का बघायला अर्ध्यांना डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध आणि अर्ध्यांना नुसतं सलाईन, कोणाला काय ते बंद पाकिटात.

मी रात्री मोबाईलवर वाचत बसले (वाचू नये, झोप जाते). या औषधाने हार्ट रेट कमी होतो, आणि तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ओढला की तोही कमी होतो! सकाळी तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या बरोबर विचारलंत, म्हणूनच नजर सतत मॉनिटरवर असते, ठोके पडले की सर्जनना ओढणं थांबवायला सांगतो, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सावरतं, नाहीतर ठोके वाढवणारं ॲट्रोपिन भरून ठेवलेलंच असतं. नाही म्हणालात तरी ऑपरेशन आजच होणार आणि मधेच नावही काढता येईल, हेही सांगितलं. खरं सांगू, फॉर्म नसता तर एवढं कोणी समजावलंच नसतं. केली सही.

सहा तास पोटात अन्न नाही, पाणी दोन तास आधीपर्यंत, त्यात पोरीने बिस्किटासाठी वॉर्ड डोक्यावर घेतला.

बाहेर आली ती किंचाळतच. मी हाक मारतेय तर मलाच लाथा, डोळा लालभडक, नंतर दोनदा उलटी. वाटलं, झालं, आपल्याला सलाईनचंच पाकीट आलं. मॅडम शेजारी उभ्या राहून कागदावर दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत होत्या, तेवढ्यात पोरीची एक लाथ पॅडवर बसली आणि पेन पार कॉटखाली गेलं. त्यांनी वाकून उचललं, घड्याळ बघितलं आणि परत लिहायला लागल्या.