साचेखात्यातला अंधार

बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, प्रकाशकलेचे छोटे संग्रहालय उभे राहत असताना प्रकाशयोजनेची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि त्यातला बहुतेक काळ दिवे लावण्यात नव्हे, तर अंधार करण्यात गेला.

त्याआधी मी जर्मनीत डॉर्टमुंडजवळच्या उन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रकाशकला केंद्र पाहून आलो होतो. १९७९ साली बंद झालेल्या लिंडन ब्रुअरीच्या तळघरांत, जमिनीखाली सुमारे १० मीटरवर, ते २००१ साली सुरू झाले. तेथील कलाकार ओलाफुर एलियासन यांच्या दालनात झपाझप उघडझाप करणाऱ्या स्ट्रोब दिव्यामुळे कोसळणाऱ्या पाण्याचे थेंब हवेतच थांबल्यासारखे दिसतात, आणि ते पाहताना मी भारावून गेलो. त्या तळघरांना अंधार आयताच मिळाला होता.

आमची इमारत नेमकी उलट होती. छत करवतीच्या दात्यांसारखे, आणि प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे तोंड केलेली. कारण उत्तरेच्या उजेडात थेट ऊन नसते, तो दिवसभर बराचसा सारखा राहतो आणि तुटलेला धागा साचेवाल्याच्या चटकन नजरेस येतो. त्या काचा काढून टाकाव्यात, असे सुचवले गेले. मी ठाम विरोध केला आणि आतून काळ्या रंगाचे प्लायवूड लावून घेतले.

पहिल्या चाचणीच्या दुपारी दार बंद केले, तर जमिनीवर लिंबाएवढी उजेडाची वर्तुळे विखुरलेली दिसली. पत्र्यांतल्या खिळ्यांच्या भोकांतून सूर्याच्याच प्रतिमा खाली पडत होत्या. एकेक भोक शोधून बुजवण्यात तीन आठवडे गेले. मग हवा कोंडली आणि दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर (विद्युत उपकरणे) तापू लागले, तेव्हा आतून काळे रंगवलेले, दोनदा काटकोनात वळणारे हवेचे मार्ग बसवले. हवा वळते, उजेड मात्र वाटेतल्या काळ्या भिंतींत जिरतो. बाहेर पडण्याच्या वाटेवरचे हिरवे दिवे सुरक्षेसाठी अनिवार्यच असल्याने, ते जिथून दिसतील पण कलाकृतीवर पडणार नाहीत, अशा जागा भिंतींची रचना बदलून मिळवाव्या लागल्या.

शेवटच्या दात्याच्या काचा मात्र मी उघड्याच ठेवल्या. दालने पाहून झाल्यावर माणूस तिथे येतो, अंधाराला सरावलेले डोळे क्षणभर मिटतो आणि मग छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांखाली, साच्यांवर पडत असे तोच उजेड पाहतो.