रुमालाखालचा भाव

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आधी सरच उभे राहिले. नाव लिहायची गरज नाही; आपल्या शाळेत अर्थशास्त्र घेतलेला प्रत्येक जण ओळखेल.

'बाजार आणि सरकार' हा धडा सरांनी पुस्तक उघडून सुरू केलाच नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाचा हात धरला, वर आपला रुमाल टाकला, आत बोटं दाबली आणि म्हणाले, "सौदा झाला. भाव काय फुटला?" वर्ग गप्प. "शेतकरीसुद्धा असाच गप्प उभा असायचा." ही हत्ता पद्धत. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली भाव ठरवत, आणि माल ज्याचा त्यालाच आकडा दिसत नसे. नियंत्रित बाजार समित्यांनी ती मोडून उघड लिलाव आणला. लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॉलीभोवती जी चढाओढ दिसते, ती नियमांनी उभी केलेली आहे, हे सरांनी एका रुमालात दाखवलं.

मग प्रत्येक विचारवंताला त्यांचा एकच प्रश्न: हा कुणाविरुद्ध लिहितोय? ॲडम स्मिथ १७७६ साली लिहीत होता तो मक्तेदार कंपन्यांविरुद्ध. बाजार आपोआप सगळ्यांचं भलं करतो, या अर्थाने ज्याचा दाखला देतात तो 'अदृश्य हात' त्याच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो. एकाच धंद्यातले लोक जमले की बोलणं भाव चढवण्याच्या कटावर जातं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. केन्स १९३६ मध्ये मंदी आपोआप ओसरेल म्हणणाऱ्यांविरुद्ध. हायेक १९४५ मध्ये मध्यवर्ती नियोजनाविरुद्ध: कथील का महागलं हे कुणाला माहीत नसलं तरी चढा भाव पाहून सगळे ते जपून वापरतात.

आणि न्यायमूर्ती रानडे! सरांचा आवाज इथे चढायचा. १८४२ साली आपल्या निफाडात जन्मलेला माणूस १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठणकावून सांगतो की इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे सिद्धांत देश-काळ न पाहता हिंदुस्थानला लावता येणार नाहीत, इथल्या उद्योगांना सरकारचा हात हवा.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा सर फार आठवले. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदी आली ती नेमकी लाल कांद्याच्या हंगामात, आणि उठली मे २०२४ मध्ये. निर्यात थांबली की भाव पडतो; आणि एकदा भाव पडला की पुढची लागवड घटते, आवक कमी होते, भाव चढतो, मग सगळेच लावतात आणि तो पुन्हा कोसळतो. कॅल्डॉर या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये याला कोळी किड्याच्या जाळ्याचं नाव दिलं. सरांनी ते जाळं फळ्यावर काढलं होतं, कांद्याच्याच भावाचं.

आता प्रश्नपेढी पाठ करून पोरं पैकीच्या पैकी गुण आणतात, पण स्मिथ कुणाशी भांडत होता ते त्यांना कुणी सांगत नाही. शाळेला एकच विनंती. दरवर्षी बारावीचा वर्ग सकाळच्या लिलावाला न्या. बोली ऐकू द्या, एखाद्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी मागून घ्या, आणि बोलीचा भाव किती व हातात किती पडले, हे दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी उतरवून घ्या. रुमाल मी पाठवीन.